लॅपटॉपची बॅटरी घरच्या घरी सुरक्षितपणे कशी काढावी

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची नाशिकच्या कॉलेज रोडजवळच्या तिच्या खोलीतून लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, टचपॅड दाबलाच जात नाही. दुकानदार म्हणतो, नवा बसवावा लागेल." लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहिला, तर तो एका कोपऱ्यावर डुगडुगत होता आणि त्याचे खालचे कव्हर मधोमध किंचित पोटासारखे सुटले होते. टचपॅडला काहीही झालेले नव्हते. त्याच्या खालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलत होती. नवा टचपॅड बसवला असता, तर काही दिवसांनी तोही तसाच वर आला असता आणि तोपर्यंत तो लॅपटॉप रोज रात्री तिच्या गादीवर चार्जिंगला लागलेला राहिला असता.

ती बॅटरी आम्ही घरीच काढली. त्यानंतर ओळखीच्या तीन-चार जणांनी तेच काम कसे करायचे, हे विचारले, म्हणून ही माहिती सविस्तर लिहून ठेवत आहे. काम फारसे अवघड नाही. मात्र ते करताना एक गोष्ट सतत मनात असावी लागते: लॅपटॉप बंद करता येतो, बॅटरी बंद करता येत नाही. पडदा काळा झाला, पंखा थांबला, चार्जर भिंतीतून काढला, तरी बॅटरीच्या पोटातली ऊर्जा होती तेवढीच राहते. पुढे दिलेली जवळजवळ प्रत्येक खबरदारी या एका वस्तुस्थितीतून आलेली आहे.

ती ऊर्जा किती, याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब मांडतो. आजच्या मध्यम आकाराच्या लॅपटॉपच्या बॅटरीवर साधारण ५० वॉट-तास असे लिहिलेले असते. याचा अर्थ १ लाख ८० हजार जूल. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ६३ अंशांपर्यंत तापवायला एवढी ऊर्जा पुरते. ती हळूहळू, चार-पाच तासांत बाहेर पडते, तेव्हा आपण तिच्यावर काम करतो. तीच काही क्षणांत बाहेर पडली, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

बॅटरीच्या आत लिथियम-आयन प्रकारचे सेल असतात. जुन्या, जाडजूड लॅपटॉपमध्ये ते गोल नळकांड्यांसारखे असत. त्यांचे नाव १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. त्यांना पोलादी कवच असे. अलीकडच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये मात्र चपट्या पाकिटासारखे सेल असतात आणि त्यांचे आवरण अॅल्युमिनियमच्या पातळ थराचे असते, इतके पातळ की स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चुकून घसरले, तरी ते फाटू शकते. आत धन आणि ऋण पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारा प्लास्टिकचा पडदा तर माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. बॅटरी वाकली, दबली किंवा तिला भोक पडले की हा पडदा फाटतो, दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, त्या जागी उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने शेजारचा भाग तापतो आणि ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून थांबवता येत नाही. म्हणूनच बॅटरीच्या आसपास धातूचे टोकदार हत्यार आणि मनगटाचा जोर या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

काढण्याची खरोखर गरज आहे का

रॅम बदलायची असेल, एसएसडी (फाइली साठवणारी आतली डिस्क) बसवायची असेल किंवा पंख्यातली धूळ साफ करायची असेल, तर संपूर्ण बॅटरी बाहेर काढण्याची गरज सहसा नसते. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, जोडलेला तिचा कनेक्टर सोडवला की पुरे. बॅटरी जागची जितकी कमी हलवावी तितके चांगले.

बॅटरी जुनी झाल्याची शंका असेल, तर आधी तपासून घ्यावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असे इंग्रजी अक्षरांत टाइप केले की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर मिळणारी क्षमता, असे दोन आकडे शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली आहे. मॅकबुकमध्ये हीच माहिती सिस्टिम रिपोर्टच्या पॉवर विभागात, चार्जिंगच्या आवर्तनांच्या संख्येसह मिळते.

बॅटरी फुगली असेल, तर मात्र अहवालाची वाट पाहू नये. टचपॅड घट्ट होणे किंवा वर येणे, कळफलकाच्या मधल्या कळा उंचावणे, खालच्या कव्हरच्या कडेला फट पडणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे, ही सगळी त्याची लक्षणे आहेत. आतल्या द्रावणाचे विघटन होऊन तयार झालेला वायू पाकिटात अडकतो आणि पाकीट उशीसारखे फुगते. हा वायू टाचणीने सोडून देता येईल, असे सुचवणारी माणसे मला भेटली आहेत. तसे कधीही करू नये. आत शिरणारी टाचणी तो पातळ पडदाही फाडते आणि बाहेर येणारी वाफ ज्वलनशील तर असतेच, शिवाय विषारीही असू शकते.

फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप पुन्हा चार्जिंगला लावू नये. तो गरम नसेल आणि कसलाही वास येत नसेल, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढण्यापुरता बॅटरीवरच चालवावा. तेवढ्यात चार्जही उतरतो. लॅपटॉप बंद असतानाही गरम लागत असेल, नेलपॉलिशसारखा गोडसर, उग्र वास येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर तो उघडण्याच्या भानगडीत पडू नये. तो गच्चीवर किंवा अंगणातल्या फरशीवर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवून द्यावा आणि माणसांनी दूर राहावे.

तीन प्रकारच्या बॅटऱ्या

पहिला प्रकार बाहेरून काढता येणाऱ्या बॅटरीचा. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये ही असे आणि आजही अनेक सरकारी कार्यालयांत, शिकवणी वर्गांत असे लॅपटॉप चालू आहेत. खालच्या बाजूला दोन खिट्ट्या असतात. त्यांपैकी एक सरकवली की तिथेच थांबते. दुसरी स्प्रिंगची असते आणि बॅटरी बाहेर सरकेपर्यंत अंगठ्याने धरून ठेवावी लागते. अनेकांना "बॅटरी अडकली" असे वाटते, ते ही दुसरी खिट्टी सुटून परत गेल्यामुळे. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, खिट्ट्या सोडवाव्यात आणि बॅटरी सरळ ओढून घ्यावी. या प्रकाराबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही.

दुसरा प्रकार आत स्क्रूने बसवलेल्या बॅटरीचा. आजचे बहुतेक विंडोज लॅपटॉप या प्रकारात येतात आणि या लेखाचा मोठा भाग त्यांच्याबद्दलच आहे.

तिसरा प्रकार गोंदाने चिकटवलेल्या बॅटरीचा. २०१२ पासून आलेल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये आणि काही अतिपातळ लॅपटॉपमध्ये तो आढळतो. काही नव्या रचनांत चिकटपट्टीला ओढण्याचे टोक ठेवलेले असते. ते पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी सावकाश ओढले की पट्टी लांबत जाते आणि बॅटरी मोकळी होते. टोक तुटले किंवा मुळातच नसले, तर गोंद विरघळवणारे द्रव वापरून प्लास्टिकच्या कार्डाने सेल एकेक करून सोडवावे लागतात; ते द्रव ज्वलनशील असते आणि सेल सोडवताना वाकतात. हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरी फुगलेली आणि चिकटवलेलीही असेल, तर तो धोका पैशांच्या बचतीसाठी पत्करण्यासारखा नाही. हेअर ड्रायरने गोंद मऊ करण्याचा सल्ला काही व्हिडिओंत दिलेला असतो. बॅटरीला मुद्दाम तापवू नये, एवढेच मी म्हणेन.

आपला लॅपटॉप कोणत्या प्रकारचा आहे, हे उघडण्याआधीच कळते. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्यावी. कोणता स्क्रू कुठे आहे आणि कनेक्टर कसा सुटतो, हे तिच्यात चित्रांसह दिलेले असते. बऱ्याच मोठ्या कंपन्या ती सर्वांसाठी खुली ठेवतात. लॅपटॉप अजून वॉरंटीत असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून सर्व्हिस सेंटरमध्येच जावे.

तयारी

सगळ्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवावी. मग बॅटरी वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी. चार्ज जितका कमी, तितकी चुकून काही झाल्यास बाहेर पडणारी ऊर्जा कमी. पूर्ण भरलेला एक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्या अवस्थेत तो सर्वांत चिडखोर असतो.

लॅपटॉप बंद करणे याचा अर्थ झाकण मिटणे नव्हे. झाकण मिटले की तो झोपतो. विंडोजचे नेहमीचे 'शट डाउन'सुद्धा जलद सुरू होण्याच्या सोयीमुळे अर्धवटच असते. शिफ्ट कळ दाबून धरून 'शट डाउन' केले, तर तो पूर्ण बंद होतो. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये बायॉसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पॉवर विभागात आतली बॅटरी तात्पुरती निष्क्रिय करण्याची सोय असते. ती असेल, तर जरूर वापरावी. चार्जर पुन्हा जोडेपर्यंत बॅटरी बोर्डाला वीज देत नाही. बायॉसमध्ये बदल करण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्यावी, कारण नंतर ती कधी कधी मागितली जाते.

हत्यारे मोजकीच लागतात. बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच (फिलिप्स शून्य आणि डबल शून्य, त्याशिवाय टॉर्क्स टी ५, टी ६ आणि टी ८, मॅकबुकसाठी पाच पाकळ्यांचे वेगळे टोक), प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारची प्लेक्ट्रम, विजेची चिकटपट्टी आणि चांगला उजेड. एम. जी. रोडच्या परिसरातल्या मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत यांतले बहुतेक सगळे मिळते. स्वस्त संचातील टोके मऊ असतात आणि स्क्रूचे डोके खराब करतात; अडकलेला स्क्रू बॅटरीच्या शेजारी ड्रिलने काढण्याची वेळ येण्यापेक्षा थोडा महाग संच घेतलेला परवडतो.

शेवटची तयारी वाळूची. मातीच्या रिकाम्या कुंडीत तळाच्या भोकावर फरशीचा तुकडा ठेवावा आणि कोरडी वाळू अर्ध्यापर्यंत भरावी. कुंडी जळत नाही, तिच्यातून वीज वाहत नाही आणि तिचे तोंड उघडे असल्याने वायू कोंडत नाही. लोखंडी डबा चालतो, पण त्याचे झाकण घट्ट लावू नये. नाशिकमध्ये पावसाळ्यात बांधकामावरची वाळू ओलीच मिळते. ती दोन दिवस उन्हात पसरून मगच वापरावी. ही कुंडी काम करण्याच्या जागेपासून हाताच्या अंतरावर, पण गच्ची किंवा गॅलरीच्या दाराजवळ असावी.

काम टेबलावर करावे. गादी, सोफा, सतरंजी यांवर नको. हातातली अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. मंगळसूत्र काढायचे नसेल, तर ते कपड्याच्या आत घेऊन वर पदर किंवा ओढणी घट्ट खोचावी. ही अंधश्रद्धा नाही: धातूची साखळी उघड्या टोकांवर पडली, तर शॉर्ट होऊन ती क्षणार्धात लाल होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी असते आणि स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तीच स्थिर वीज बोर्डावरच्या चिपांना मारक ठरते. त्या दिवसांत सुती कपडे घालून, आधी खिडकीच्या रंग उडालेल्या लोखंडी गजाला हात लावून बसावे. नळाला हात लावण्याचा जुना सल्ला आता फारसा उपयोगाचा नाही, कारण बहुतेक घरांतले नळ प्लास्टिकच्या पाइपला जोडलेले असतात.

उघडणे

चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळे काढावे. लॅपटॉप मिटून, मऊ कापडावर पालथा ठेवावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा.

खालचे स्क्रू काढताना त्यांची लांबी वेगवेगळी असते, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आखूड जागी लांब स्क्रू गेला, तर तो वरच्या कव्हरला उचकवतो, बोर्डाला भोक पाडतो आणि दुर्दैव असेल तर थेट बॅटरीत शिरतो. थर्मोकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवण्याची पद्धत सर्वांत सोपी आहे. काही स्क्रू रबरी पायांखाली किंवा छोट्या स्टिकरखाली दडलेले असतात, तर काही सैल होऊनही कव्हरमध्येच राहतात. ते ओढून काढायचे नसतात.

सगळे स्क्रू निघाल्यावरही कव्हर लगेच सुटत नाही, कारण कडेने प्लास्टिकचे खटके असतात. बहुधा बिजागरीच्या बाजूने किंवा एखाद्या कोपऱ्यातून प्लेक्ट्रम कडेपुरतीच आत घालावी आणि कडेकडेने सरकवत जावे. टक, टक असे खटके सुटत जातात. एखाद्या जागी जोर लावावा लागला, तर थांबून एखादा स्क्रू राहिला आहे का, हे पाहावे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा राहिलेला असतो. बॅटरी सहसा मनगट टेकण्याच्या भागाखाली असते, त्यामुळे त्या बाजूने प्लेक्ट्रम खोल घालू नये. कव्हर सुटले तरी एकदम उपटू नये, कारण काही मॉडेलमध्ये त्याला एखादी चपटी केबल जोडलेली असते.

कनेक्टर सोडवणे

सगळ्या कामातला हा सर्वांत नाजूक टप्पा आहे आणि तो निम्म्या मिनिटाचाच असल्याने इथेच घाई होते. कव्हर निघताच कशालाही हात न लावता मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवावा. मग बॅटरीपासून बोर्डाकडे जाणाऱ्या लाल-काळ्या जाड तारा किंवा रुंद पट्टी शोधावी. ती जिथे संपते, तो बॅटरीचा कनेक्टर. दुसरे कोणतेही काम, अगदी पंखा पुसण्याचेसुद्धा, हा कनेक्टर सुटेपर्यंत करू नये.

तो सुटतो कसा, हे त्याच्या घडणीवर अवलंबून असते. अनेक लॅपटॉपमध्ये तारांचा प्लग बोर्डाला समांतर आत सरकवलेला असतो. त्याच्या दोन्ही खांद्यांना नखांनी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आळीपाळीने थोडे थोडे मागे ढकलावे. वर उचलल्यास बोर्डावरचा साचा निखळतो आणि मग बोर्डच दुरुस्तीला जातो. काहींत कनेक्टर वरून दाबून बसवलेला असतो. तो सरळ वर उचलायचा असतो, बाजूला सरकवायचा नसतो. काहींत त्यावर तारेची बारीक कडी असते, ती आधी मागे पाडावी लागते. काही नव्या मॉडेलमध्ये तो छोट्या स्क्रूने किंवा पट्टीने दाबून ठेवलेला असतो. आपला कनेक्टर यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे कळेपर्यंत हात मागे ठेवावा. आणि कोणताही प्रकार असो, तारांना धरून कधीही ओढू नये: एखादी तार तुटून शेजारच्या तारेला चिकटली, तर शॉर्ट व्हायला तेवढे पुरते.

कनेक्टर सुटल्यावर त्याच्या टोकावर लगेच चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. मग पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. रॅम किंवा पंख्याचेच काम असेल, तर इथून पुढे ते निर्धास्त करावे.

काही बोर्डांवर एक गोल, रुपयाएवढा सेलही दिसतो. तो घड्याळाचा ३ व्होल्टचा सेल असतो. त्याला हात लावण्याची गरज नाही. तो नसलेल्या मॉडेलमध्ये मुख्य बॅटरी काढल्यावर तारीख आणि वेळ चुकते, ती नंतर लावून घ्यावी.

बाहेर काढणे

बॅटरीला कडेने चार ते आठ स्क्रू असतात. ते काढताना स्क्रू-ड्रायव्हर घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याचे टोक सांभाळावे. बॅटरीवरून जाणाऱ्या स्पीकरच्या किंवा वायफायच्या बारीक तारा असतील, तर त्या आधी खोबणीतून सोडवाव्यात. त्यानंतर बॅटरी दोन्ही कडांना धरून, सपाट ठेवूनच उचलावी. एक कोपरा उचकटून वर काढला की तीन-चार सेलांची ती लांब पट्टी मधोमध वाकते. ती सहज निघाली नाही, तर खाली एखादा स्क्रू किंवा चिकटपट्टी आहे, असे समजावे.

फुगलेली बॅटरी अशा वेळी जागेत घट्ट बसलेली असते. तिला दाबून सपाट करण्याचा मोह होतो, तो आवरावा. भाचीच्या लॅपटॉपमध्ये मधले दोन सेल इतके फुगले होते की स्क्रूंची डोकी तिरपी झाली होती. आम्ही आधी टोकांचे स्क्रू पूर्ण न काढता सगळे थोडे थोडे सैल केले, म्हणजे ताण एका बाजूला पडला नाही. मग बॅटरी आपणच दोन मिलिमीटर वर आली आणि कागदासारखी उचलता आली. ती थेट कुंडीतल्या वाळूवर ठेवली आणि वरून वाळू घातली.

काम चालू असताना धूर दिसला किंवा बॅटरी झपाट्याने तापू लागली, तर ती हातात धरून पळू नये. घरातल्यांना बाहेर काढावे, जाता जाता खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. आग लहान असेल आणि आपल्यामागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तर भरपूर पाणी ओतावे. लिथियमवर पाणी चालत नाही, असा समज पसरलेला आहे. तो शुद्ध लिथियम धातूबाबत खरा आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत पाणी उष्णता शोषून शेजारच्या सेलांना वाचवते. चार्जर मात्र आधीच भिंतीतून निघालेला असला पाहिजे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती उघड्यावरच राहू द्यावी. धूर हुंगू नये. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू असतात.

नवी बॅटरी

लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी मागवण्यापेक्षा जुन्या बॅटरीच्या लेबलावरचा पार्ट क्रमांक जुळवावा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. व्होल्टेज तेच असावे. ११.४ व्होल्टच्या जागी ७.६ व्होल्टची बॅटरी कनेक्टर बसला म्हणून लावू नये. भारतात विकल्या जाणाऱ्या या बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे; लेबलावर ब्युरोचे चिन्ह आणि त्याखालचा नोंदणी क्रमांक पाहूनच घ्यावे. निर्मितीची तारीखही पाहावी, कारण ही बॅटरी फडताळात पडल्या पडल्याही म्हातारी होते.

बसवताना आधी स्क्रू, मग कनेक्टर, शेवटी कव्हर. पहिले चार्जिंग दिवसा, टेबलावर, आपण समोर असताना करावे. लॅपटॉप कायम चार्जरवरच चालत असेल, तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवण्याची सोय आहे का, ते पाहावे. चाळिशीला टेकणाऱ्या एप्रिलमध्ये शंभर टक्के भरून तापत राहणारी बॅटरी लवकर फुगते. नवी मिळेपर्यंत बॅटरीविना, केवळ चार्जरवर अनेक लॅपटॉप चालतात, पण वळवाच्या पावसात वीज गेली की न साठवलेले काम गेलेच समजावे.

जुन्या बॅटरीचे काय करावे

घंटागाडीत ती टाकू नये, ओल्या कचऱ्यात नाही आणि सुक्या कचऱ्यातही नाही. घंटागाडीतून पाथर्डीच्या कचरा प्रकल्पापर्यंत जाताना कचरा दाबला जातो, ढकलला जातो, चिरडला जातो आणि घरात आपण जे होऊ दिले नाही, ते तिथे काम करणाऱ्या माणसाच्या हातात होते. भंगारवाल्याला देण्याबाबतही माझे मत हेच आहे. तो ती तांब्यासाठी फोडणार. लेबलावर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह छापलेले असते, ते यासाठीच. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये लागू केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रीकरण करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्याकडे सोपवणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. म्हणून लॅपटॉपच्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर, नवी बॅटरी विकणारा दुकानदार किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलक, यांपैकी कोण ती घेतो, ते फोन करून आधी विचारावे. संकलक खरोखर नोंदणीकृत आहे का, अशी शंका असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात चौकशी करता येते.

नेण्याची वेळ सकाळची ठेवावी. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत बॅटरी ठेवून चहाला थांबू नये. कनेक्टरवरची चिकटपट्टी तशीच ठेवावी आणि बॅटरी वाळू घातलेल्या छोट्या डब्यात, किल्ल्या आणि सुट्या नाण्यांपासून वेगळी न्यावी. कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवू नये, आणि ओझरहून विमानाने जाणार असाल, तर फुगलेली बॅटरी सामानात कुठेही चालत नाही. दुकानात पोहोचल्यावर ती काउंटरवर ठेवण्याआधी "ही फुगलेली आहे" असे स्पष्ट सांगावे, म्हणजे घेणारा ती इतर बॅटऱ्यांच्या ढिगात फेकणार नाही, आणि जमा केल्याची पावती मागून घ्यावी.